ज्याला द्यायची, त्याच्या बेताची

बीड जिल्ह्यात चकलांब्याच्या परिसरात, एकूणच गेवराईकडच्या गावांत, घरी करून द्यायची वस्तू म्हटली की लोकरीच्या स्वेटरच्या आधी गोधडी आठवते. बाळंतिणीसाठी दुपटी, बाळाला कुंची, सासरी निघालेल्या लेकीच्या सामानात एखादी वाकळ. या वस्तूंविषयी बोलायला लागलं की आपण लगेच मायेवर येतो. गोधडी शिवणारी म्हणून मला ते अपुरं वाटतं. माया विकतच्या भेटीतही असते. दहा दुकानं पालथी घालून आणलेल्या लुगड्यात ती काय कमी असते? घरच्या वस्तूचं खरं बळ वेगळं आहे. वापरणारा माणूस शिवणारीला ठाऊक असतो, आणि ही ओळख कापडात, वजनात, टाक्यात उतरवता येते. ती उतरली नाही, तर रात्री जागून शिवलेली गोधडीसुद्धा ट्रंकेत पडून राहते. मग मायेचा दाखला देऊन तिला चांगली म्हणण्यात अर्थ नाही.

गोधडीची घडणच या ओळखीला जागा देणारी आहे. नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. दोन-दोन तुकडे बाजूला जोडले की एकाच लुगड्यातून ऐसपैस गोधडीचा वरचा आणि खालचा थर निघतो. आत काय भरायचं आणि किती, हा सगळा निर्णय शिवणारीचा. थर जमिनीवर ताणून अंथरायचे, मधून कडेकडे हात फिरवत चुण्या बाहेर काढायच्या आणि लांब टाचे घालून सगळं जागेवर धरायचं. मग काठापासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन धरत मध्यापर्यंत येतो. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. ओळी फार दाट घातल्या तर थर एकमेकांना चिकटतात, हवेला जागा उरत नाही आणि गोधडी फळीसारखी ताठ होते. ओळी विरळ ठेवल्या तर दोन-चार धुण्यांत आतलं कापड सरकून गोळा होतं. टाका किती अंतरावर घालायचा याला म्हणूनच एक ठरलेलं उत्तर नाही. ती कोण पांघरणार आणि किती वेळा धुतली जाणार, यावर ते ठरतं.

तान्ह्या बाळाचं दुपटं जुन्या सुती धोतराचं किंवा लुगड्याचं असावं, हा रिवाज काटकसरीतून आला असेलही, पण तो टिकला आहे गुणावर. पुन्हापुन्हा धुतलेल्या सुतातली खळ गेलेली असते, सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो, आणि ते ओल शोषतं. त्यात जरीचा काठ येऊ द्यायचा नाही, गाठी थरांच्या आत दडवायच्या आणि टाका बारीक घालायचा, कारण लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं. म्हाताऱ्या माणसाला जाड वाकळ दिली तर ती दुखऱ्या गुडघ्यांवर ओझं होते आणि सकाळी त्याला एकट्याला तिची घडी करता येत नाही. त्याला दोन-तीन थरांची हलकीच बरी. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा हिशेब आणखी निराळा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, खाली शेताची ओल आणि पहाटे अंधारात फडावर जायचं. तिथे एका जाडजूड वाकळेपेक्षा बेताच्या दोन उपयोगी पडतात. एक अंथरायला, एक पांघरायला. एक भिजली तर ती वाळेपर्यंत दुसरी हाताशी असते. वरचं कापड गडद असावं, कारण तिथे धुणं रोज होत नाही. यातली एकही गोष्ट नक्षीची नाही, पण भेट चांगली की वाईट हे यावरच ठरतं.

यावर सरळ आक्षेप येतो की बाजारात मऊ ब्लँकेट स्वस्तात मिळतं, सोलापुरी चादरही आहे, मग हा खटाटोप कशाला? सोलापुरी चादर उत्तम वस्तू आहे आणि जिथे ती पुरते तिथे जरूर घ्यावी. जुन्या कपड्यातून ऊब काढण्याची विद्याही एकट्या गोधडीची नाही. पानिपतच्या गिरण्यांत देशोदेशींचे टाकून दिलेले लोकरी कपडे पिंजून पुन्हा सूत काततात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. ते काम मोठं आहे, मोलाचं आहे. पण त्या मागाला पांघरणाऱ्याचं वय ठाऊक नसतं, त्याची कोपी ठाऊक नसते. शिवाय ब्लँकेट विरलं की संपलं. गोधडीला विरल्या जागी ठिगळ लागतं, वर नवा थर चढतो, फार झिजली तर तीच दुसरीच्या पोटात जाते. किंमत लावायचीच, तर गोधडी अशी जितकी वर्षं टिकते त्यांच्यासकट लावावी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सारं कौतुक बाईच्या फुकटच्या कष्टांवर उभं आहे. हे मला मान्य आहे. शेतातलं, चुलीपुढचं आवरून उरलेल्या वेळात ती शिवते, आणि तो वेळ कुणी मोजत नाही. पण यातून हातकाम सोडावं असं निघत नाही. ते हक्काने मागू नये, एवढं निघतं. भेट ती, जी देणारी आपल्या मर्जीने देते. बाहेरच्या कुणाला हवी असेल तर कापड, दोरा आणि दिवस धरून पुरते पैसे मोजावेत. घरात हवी असेल तर तिच्या वाटची इतर कामं कुणीतरी उचलावीत. आणि ही सुई पुरुषांनीही हातात धरावी. धावदोरा शिकायला एक दुपार पुरते.

गरज आधी आणि नक्षी नंतर, हे दूरदेशीही दिसतं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यात कृष्णवर्णीय बायकांनी थंडगार घरांसाठी कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्या 2002 मध्ये संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवरही आल्या. त्यांचं सौंदर्य सगळ्यांना दिसलं, पण ते आलं गरजेला नेमकं उत्तर देता देता. आपल्याकडेही शिवायला बसण्याआधी रंग जुळवत बसण्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत: कोण पांघरणार, कुठे निजणार, धुणार कोण, वाळवणार कुठे. त्यांची उत्तरं मिळाली की कापड, थर आणि टाका आपोआप ठरत जातात. आणि ती मिळत नसतील, तर त्या माणसाला आपण अजून पुरतं ओळखत नाही. आधी त्याच्याकडे जाऊन बसावं, सुई मग हातात घ्यावी.