उत्तरेच्या वाटांवर बारा महिने

इवालोच्या छोट्याशा विमानतळावर उतरलो तेव्हा मार्च अर्धा सरला होता. आर्क्टिक वृत्त दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला राहिलं होतं. फिनलंडच्या लॅपलँडमधलं हे गाव. इथून बसने सारिसेल्का आणि पुढे कीलोपॅ गाठायला फार वेळ लागत नाही. वाटेत पाइनची झाडं विरळ होत गेली आणि गोल माथ्याचे उघडे डोंगर दिसू लागले. फिनिश माणसं त्यांना तुंतुरी म्हणतात.

मार्च-एप्रिल हा इथला स्कीइंगचा खरा मोसम. दिवस मोठा झालेला असतो आणि बर्फ अजून भरपूर असतो. सपाटीवरच्या स्कीसाठी यंत्राने वाट दाबून तिच्या कडेला दोन समांतर खाचा पाडतात. त्या खाचांमधून पायी कुणीही चालत नाही, कारण एका बुटाच्या ठशाने मागून येणाऱ्याची लय तुटते. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिली सूचना हीच दिली, तोल सांभाळायची त्यानंतर. दुपारपर्यंत पाय सरावले आणि ५४६ मीटर उंचीच्या कीलोपॅ डोंगराच्या पायथ्याने जाताना मनसोक्त वेग घेता आला.

संध्याकाळी धुराचा सॉना. या खोलीला धुराडं नसतं. लाकडं तासन्‌तास जाळून दगड तापवायचे, धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि मगच आत बसायचं. अंग पुरतं तापलं की शेजारच्या ओढ्यात उतरायचं. बर्फातून वाहणाऱ्या त्या पाण्यात क्षणभर श्वास अडकतो आणि बाहेर आल्यावर सगळं शरीर जागं झालेलं असतं. फिनलंडच्या सॉना-संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, ते पूर्णपणे रास्त वाटलं.

सप्टेंबरात पुन्हा गेलो तेव्हा तोच डोंगर ओळखू येईना. बुटके बर्च पिवळे झाले होते आणि जमिनीलगतची झुडपं लालबुंद. या रंगांच्या दिवसांना तिथे रुस्का म्हणतात. जुलैतले डास थंडीने संपलेले असतात, म्हणून पाठीवर सामान घेऊन चालायला हेच दिवस उत्तम. कीलोपॅहून पूर्वेला उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचं क्षेत्रफळ अडीच हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि आत शिरायला तिकीट लागत नाही.

सुओमुनरुओक्तूच्या लाकडी झोपडीत मुक्काम केला. अशा झोपड्यांना कुलूप नसतं, राखणदार नसतो आणि भाडंही नसतं. आत शेगडी, फळ्यांचे बिछाने; बाहेर सरपण आणि कुऱ्हाड. इथला जुना नियम असा, की जो सर्वांत शेवटी येईल त्याचा हक्क सर्वांत मोठा. आधी येऊन विसावलेल्याने त्याला जागा करून द्यायची. अंधार पडल्यावर भिजलेलं एक वयस्क जोडपं आलं. आत बसलेले दोन तरुण मुकाट्याने उठले आणि तंबू घेऊन बाहेर पडले. निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची, राख काढायची आणि आपला कचरा आपण न्यायचा. सकाळी मीही कुऱ्हाड हाती घेतली.

फिनलंडमध्ये जमीन कुणाचीही असो, घराच्या अंगणापासून दूर राहून तिच्यावरून चालण्याचा, स्की करण्याचा, रानातली बेरी आणि अळंबी गोळा करण्याचा हक्क सर्वांना आहे, परदेशी पाहुण्यालासुद्धा. मात्र परक्या जमिनीवर मालकाच्या परवानगीशिवाय शेकोटी पेटवता येत नाही. वाटेत दिसणारा रेनडिअरही रानटी नसतो. त्याच्या कानावरच्या खुणेवरून मालक ओळखता येतो. कळप बिथरला तर मालकाचं नुकसान होतं, म्हणून कुत्रा साखळीला बांधायचा आणि आपण थांबून वाट द्यायची. इनारीच्या सीडा संग्रहालयात या भागातल्या मूळ रहिवासी सामी लोकांचं जीवन पाहिल्यावर कळलं, की आपण ज्याला रिकामं रान समजतो ते शतकानुशतकं कुणाच्या तरी उपजीविकेचं ठिकाण आहे.

डिसेंबरात तिथे अनेक आठवडे सूर्य उगवत नाही, तरी दिव्यांच्या उजेडात स्कीच्या वाटा सुरू असतात आणि रुंद टायरच्या सायकलीही धावतात. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. तेव्हा तीन हजारांहून अधिक बेटांच्या इनारी सरोवरात होड्या फिरतात आणि मासेमारी चालते. तिथल्या माणसांचा एकही ऋतू घरात कोंडून जात नाही.

लॅपलँडला जायचं तर नाताळच्या गर्दीचा हट्ट सोडा. मार्च किंवा सप्टेंबर निवडा. आणि त्या झोपडीचा नियम आपल्या सह्याद्रीतही पाळा. गडावरच्या गुहेत मुक्काम केलात तर निघताना ती झाडून घ्या, टाक्याचं पाणी स्वच्छ ठेवा आणि उशिरा पोचलेल्या भटक्याला आधी जागा द्या.