मालेची रोशी, सोलापूरची चटणी

दुपारी सोलापुरात उद्यान एक्स्प्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर. मावशीला हृदयाच्या तपासणीसाठी बोम्मसंद्रला न्यायचं होतं. तिला कानडी येतं, मला मोबाइलवरचा नकाशा वाचता येतो, असा आमचा जोडा. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका लॉजवर खोली मिळाली. स्वयंपाकघर सामाईक.

सकाळी सहाला ओट्यापाशी एक बाई कणीक मळत होती. गरम पाणी, मीठ, तेल. पोळपाट नव्हता म्हणून तिनं स्टीलचं ताट पालथं घातलं होतं. मावशीनं मिनिटभर पाहिलं आणि लाटणं तिच्या हातातून काढूनच घेतलं. शेजारच्या वाडग्यात डब्यातला टूना मासा, खवलेलं खोबरं, बारीक कांदा, मिरची आणि लिंबू हातानं कुस्करून ठेवलेलं. त्याला मशुनी म्हणतात आणि पोळीला रोशी, हे नंतर कळलं. बाई मालदीवच्या राजधानीहून, मालेहून आली होती, सासूच्या ऑपरेशनसाठी. माळकरी मावशीनं मशुनीकडे पाठ फिरवली, पण रोशी खाल्ली, बरोबर आणलेल्या सोलापुरी शेंगाचटणीशी. ती चटणी मग दोन दिवसांत मालेकरांनीच संपवली.

पोळ्या मोजताना बाई म्हणाली, ‘‘एके, दे, तिने, हतरे, फहे.’’ मावशीचा हात थांबला. ‘‘अगं बाई, ही तर आपलीच!’’

मालदीवची धिवेही भाषा सिंहलीच्या घरातली, म्हणजे मराठीची लांबची चुलत बहीण. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे जाणारी. मावशीचं म्हणणं प्रेमाचं होतं आणि चूकही नव्हतं. पण मोठ्या घरानं छोट्या घराला ‘आपलंच’ म्हटलं की छोट्या घराच्या पोटात गोळा येतो, हे तिला कुठं ठाऊक? अख्ख्या मालदीवची वस्ती पाच लाखांच्या आसपास, आमच्या एकट्या सोलापूर शहराची त्याच्या जवळजवळ दुप्पट.

बाईचा नवरा सिनेमे पाहून शिकलेली हिंदी झकास बोलत होता. गप्पा राजकारणावर आल्याच. २०२३ मध्ये मोहम्मद मुइझ्झू ‘इंडिया आउट’च्या लाटेवर मालदीवचे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीऐवजी आधी चीनला गेले. त्याच महिन्यात त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वेडंवाकडं लिहिलं, आणि ‘मालदीवला जाऊ नका’ हा संदेश आपल्याकडे घरोघर फिरला. मीही तो चार गटांत ढकलला होता. पोळी खाताखाता तसं कबूल केलं. तो हसला. म्हणाला, ‘‘आम्ही ‘जा’ म्हणालो ते वर्दीला. डॉक्टरला कोण म्हणेल?’’

वर्दी गेलीही. भारतानं दिलेली दोन ध्रुव हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान तिकडे दूरच्या बेटांवरून रुग्ण आणायला लागतं. ते चालवणारे आपले सैनिक १० मे २०२४ पर्यंत परतले. त्यांच्या जागी गेली हिंदुस्थान एरोनॉटिक्सची (एचएएल) बिगरलष्करी तांत्रिक माणसं. बंदूक नको, पाना चालेल, असा तो सौदा.

त्या पान्याचं माहेर बंगळूर. म्हणून मावशीचे रिपोर्ट यायचे होते त्या दिवशी मी एकटाच जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयाकडे निघालो. बोम्मसंद्रहून मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालीय. चालकाविना धावू शकणारे तिचे डबे चिनी कंपनीच्या आराखड्याचे, पहिली गाडी तर चीनमधूनच आलेली. मालेत चिनी पूल २०१८ मध्ये झाला म्हणून आपण तिथं पावणेसात किलोमीटरचा पुलांचा आणि रस्त्याचा प्रकल्प हाती घेतला, ५० कोटी डॉलरचं कर्ज आणि अनुदान देऊन. आणि इथं मी चिनी आराखड्याच्या डब्यात दांडीला लटकून भारताचा प्रभाव बघायला चाललेला! आर. व्ही. रोडला गाडी बदलली, मॅजेस्टिकला पुन्हा बदलली, इंदिरानगरला उतरून रिक्षा केली.

संग्रहालयात शिरल्यावर पहिली आठवण झाली ती गावाची. एचएएलचा मूळ कारखाना डिसेंबर १९४० मध्ये उभा केला वालचंद हिराचंदांनी, म्हैसूर सरकारला भागीदार करून. वालचंद जन्मले सोलापुरात. आमच्याकडे त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, पण मालेच्या रुग्णांना उचलणारं हेलिकॉप्टर त्यांच्याच कारखान्यातलं, हे कुणी शिकवलं नव्हतं. बाहेर बाकावर बसलो असताना डोक्यावरून एक हेलिकॉप्टर गेलं. रखवालदारानं मान वर न करताच सांगितलं, ‘‘ध्रुव.’’

संध्याकाळी हे सगळं बाईच्या नवऱ्याला सांगितलं. त्याला वालचंदांचं कौतुक नव्हतं. त्याला हवं होतं ते इथं वकिलातीचं कार्यालय. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू भारतात आले, बंगळूरलाही येऊन गेले. त्या दौऱ्यात तिजोरीच्या अडचणीसाठी ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. मालदीवचा वाणिज्य दूतावास बंगळूरला आणि आपला अड्डू शहरात उघडण्याच्या दिशेनं काम करायचंही ठरलं. ‘‘पासपोर्ट हरवला तर पळायचं कुठं?’’ एवढाच त्याचा प्रश्न.

मला तर हा माणूस दिल्ली-बीजिंगच्या तज्ज्ञांपेक्षा शहाणा वाटला. पूल चीनचा, हेलिकॉप्टर भारताचं, मत स्वतःचं. यात त्याला काहीच विसंगत दिसत नव्हतं. लाचारीही दिसत नव्हती.

मावशीचे रिपोर्ट ठीक आले. निघताना बाईनं तिच्या हातात सुकवलेल्या माशाचा काळा, लाकडासारखा टणक तुकडा ठेवला, हिकिमस. मावशीनं तो नाक न मुरडता पदरात घेतला, स्टेशनवर माझ्या पिशवीत सरकवला.

त्या कुटुंबाला सासूचे टाके काढेपर्यंत थांबायचं होतं. आम्ही रात्रीच्या उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसलो. बंगळूरहून सोलापूर म्हणजे आख्खी रात्र. माले विमानानं दोन तासांवर.