पावतीचा पुढचा क्रमांक

'संहिता' हा शब्द मराठी समीक्षेत आपण साहित्यकृतीच्या पाठासाठी वापरतो, कायद्यात तो नियमसंग्रहाला लागतो आणि संगणकाच्या आज्ञावलीच्या मूळ मजकुरालाही काही जण संहिताच म्हणतात. या शेवटच्या प्रकारच्या संहितेची समीक्षा साहित्यिक मंडळींत क्वचितच होते. वस्तुतः तिच्यातही लेखकाचा स्वभाव, त्याची गृहीतके आणि वाचकाविषयीची त्याची आस्था (किंवा अनास्था) स्पष्ट उमटलेली असते. गेल्या काही महिन्यांत अशी एक लहानशी संहिता मला बारकाईने वाचावी लागली. तिच्याविषयी चार गोष्टी नोंदवाव्यात, असे वाटते.

चिंचवडमधील एक छोटी धर्मादाय संस्था गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी देणग्या गोळा करते. देणगीदार बहुतांशी पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यातले नोकरदार आणि निवृत्त कामगार. काही वर्षांपूर्वी संस्थेने ऑनलाइन देणग्या स्वीकारायला सुरुवात केली. त्यासाठी एका स्वयंसेवकाने आज्ञावली लिहून दिली आणि पुढे तो परगावी गेला. तिच्यातला एक 'क्लास', म्हणजे विशिष्ट काम सोपवलेला एक स्वतंत्र भाग, डेटाबेसशी बोलून प्रत्येक देणगीला पावती क्रमांक देत असे. एके दिवशी दोन देणगीदारांच्या हाती एकाच क्रमांकाच्या पावत्या पडल्या. त्यांपैकी एक गृहस्थ मोटार कारखान्याच्या तपासणी विभागात हयात घालवलेले. ते कार्यालयात आले आणि शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे दोन गाड्यांवर एकच चेसिस नंबर पडला असता, तर अख्खी लाइन थांबवली असती."

त्यांच्या बोलण्यात या परिसराची एक शिस्त होती. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर सतरा अक्षरांकांचा चेसिस क्रमांक असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे मुद्दाम वगळलेली असतात, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. वाचणाऱ्याची चूक होण्याआधीच तिची वाट बंद करायची, हा त्यामागचा विचार.

देणगीच्या पावतीचीही अशीच एक परंपरा आपल्याकडे आहे. गणेशोत्सवात वर्गणीसाठी फिरलेल्या प्रत्येकाला पावतीपुस्तक ठाऊक असते. त्यातला क्रमांक आधीच छापलेला असतो. पावती फाडून दिली तरी स्थळप्रत पुस्तकात राहते. लिहिताना चूक झाली, तर ती पावती फेकून देत नाहीत. तिच्यावर 'रद्द' असे लिहून ती स्थळप्रतीलाच टाचतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणीकृत संस्थांना हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे बंधनकारक केले. तपासनीस अशा पुस्तकात प्रथम पाहतो ती क्रमांकांची सलगता. मधला एक क्रमांक नाहीसा असेल, तर पैसे घेतले पण लिहिले नाहीत, अशी शंका येते. एकच क्रमांक दोनदा असेल, तर दुसरे पुस्तक छापून घेतले की काय, असा संशय येतो. पावतीचा क्रमांक हा अशा रीतीने देणाऱ्याला घेणाऱ्यावर ठेवता येणारा पहारा आहे.

आता त्या संहितेकडे वळू. तिची रीत वरवर पाहता निर्दोष होती : डेटाबेसमधला सर्वांत मोठा क्रमांक शोधायचा, त्यात एक मिळवायचा आणि तो नव्या देणगीला द्यायचा. माणूस एकटाच असेल तर हे बरोबर आहे. परंतु दोन देणगीदारांनी एकाच क्षणी पैसे भरले, तर दोघांच्याही वतीने ४१२ हा शेवटचा क्रमांक वाचला जातो आणि दोघांनाही ४१३ मिळतो. आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चच्या रात्री, नेमके हेच घडले होते.

दुसरा दोष अजून प्रकटला नव्हता. क्रमांक हा आकडा म्हणून न साठवता मजकूर म्हणून, पुढे शून्ये लावून तीन स्थानांचा साठवला होता. मजकूर म्हणून तुलना केली की '१०००' हा '९९९' च्या आधी येतो, कारण एक हा नवाच्या आधी. म्हणजे हजाराव्या देणगीनंतरही सर्वांत मोठा क्रमांक ९९९ च राहणार आणि पुढचा प्रत्येक देणगीदार हजारावाच ठरणार! संस्थेला एका वर्षात हजार माणसे देणगी देतील, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते, एवढे या तीन स्थानांवरून कळते.

तिसरा दोष काळाचा. क्रमांकमाला दर १ एप्रिलला नव्याने सुरू व्हायची. पण सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे १ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आलेली देणगी मागील वर्षाच्या मालेत नोंदली जाई. रात्रपाळी करणाऱ्यांच्या गावात हे अगदीच अशक्य म्हणता येणार नाही.

यावर अनेक जाणकारांनी सुचवलेला उपाय सोपा होता : क्रमांक डेटाबेसलाच आपोआप देऊ द्यावा. तो पुरेसा नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पोस्टग्रेसच्या क्रममालेतून एकदा घेतलेला क्रमांक, ते काम मध्येच फसले तरी परत येत नाही. तिथे कायमची फट राहते. मायएसक्यूएलच्या २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी उलट अडचण होती. त्याच्या इनोडीबी या प्रचलित साठवणपद्धतीत शेवटची नोंद पुसून सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर तोच क्रमांक दुसऱ्याला मिळू शके. हे त्या यंत्रणांचे दोष मानण्याचे कारण नाही. नोंदीला ओळख देणे हे त्यांचे काम. हिशेबाची सलगता राखण्याचा करार त्यांनी केलेलाच नाही. ओळख आणि गणती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या संहितेने त्यांची सरमिसळ केली होती.

म्हणून पावती क्रमांकाची वेगळी व्यवस्था करावी लागली. आर्थिक वर्षागणिक एक मोजणी-नोंद. पैसे खरोखर जमा झाल्याची खात्री पटल्यावरच त्या नोंदीला कुलूप लावायचे, एक वाढवायचा, पावती लिहायची आणि मगच कुलूप काढायचे. हे सारे एकाच व्यवहारात. मध्ये काही बिघडले, तर वाढवलेला एकही मागे जातो. एकाची पावती होईपर्यंत दुसऱ्याला रांगेत उभे राहावे लागते, पण ती रांग क्षणभराची. पेमेंट गेटवे एकाच देणगीची सूचना कधी कधी दोनदा पाठवतो. त्याच्याकडचा व्यवहार क्रमांक आधी नोंदलेला असेल, तर नवी पावती न करता जुनीच दाखवायची.

संगणकशास्त्रात 'ट्रॅन्झॅक्शन' ही कल्पना ज्यांनी घडवली त्या जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात तिचे मूळ करारांच्या कायद्यात दाखवले आहे. आपल्या 'व्यवहार' या शब्दात देवघेवही येते आणि वागणूकही. या प्रसंगी तरी दोन्ही अर्थ एकत्रच घ्यावे लागतात.

जुन्या संहितेत एके ठिकाणी लेखकाने टीप लिहिली होती : 'असे सहसा होणार नाही.' तिच्या भरवशावर एका लिपिकबाईंना रोज संध्याकाळी दुबार क्रमांक आहेत का, हे डोळ्यांनी तपासावे लागे. आणि सुटले, तर दोष त्यांचा. या पट्ट्यातल्या कोणत्याही फिटरला 'पोका-योके' हा जपानी शब्द माहीत असतो : सुटा भाग उलटा बसवताच येऊ नये, अशी साच्याची रचना. शिगेओ शिंगो यांनी आधी वापरलेला शब्द 'बाका-योके', म्हणजे मूर्खांपासून बचाव, असा होता. तो कामगारांचा अपमान करतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी तो बदलला. चुकण्याचा दोष माणसाच्या माथी न मारता रचनेकडे पाहायचे, ही त्या बदलातली खरी गोष्ट. डेटाबेसमध्ये त्याची सोय एका ओळीची आहे : वर्ष आणि क्रमांक यांची जोडी अद्वितीयच असली पाहिजे, असा निर्बंध. तो आधीपासून असता, तर ३१ मार्चच्या रात्री दुसरी पावती निघालीच नसती. आज्ञावली अडखळली असती आणि ते अडखळणे कोणाच्या तरी नजरेस आले असते.

यात पणाला काय लागले होते? रक्कम पाहिली तर पाचशे रुपये. परंतु २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून करसवलतपात्र देणग्यांचे देणगीदारनिहाय विवरण आयकर खात्याला देणे आणि देणगीदारांना त्याचे प्रमाणपत्र देणे संस्थांवर बंधनकारक झाले. तेव्हापासून एका पावतीचा गोंधळ देणाऱ्याच्या विवरणपत्रापर्यंत पोहोचू शकतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, निवृत्तिवेतनातून पाचशे रुपये काढून देणाऱ्या माणसाला आपल्या क्रमांकावर दुसऱ्याचे नाव दिसते, तेव्हा आपले देणे कुठे पोहोचले, याविषयी त्याच्या मनात शंकेला जागा होते. ती जागा कोणत्याही आभारपत्राने बुजत नाही.

दुबार पावत्यांपैकी नंतरची कोणती, ते बँकेतल्या जमा वेळेवरून ठरले. ती त्या तपासणी विभागातल्या गृहस्थांचीच होती. ती पुसली नाही. तिच्यावर 'रद्द' अशी नोंद, कारण आणि तारीख घातली. नवा क्रमांक दिला, आणि जुन्या नोंदीतून नव्या नोंदीकडे दुवा ठेवला, स्थळप्रतीला टाचावा तसा. नवा क्लास जुन्याच्या निम्म्याहून लहान आहे. तो वाचून काय चालले आहे, हे संस्थेच्या तपासनीसांना आज्ञावली न येताही पुष्कळसे सांगता आले. "हे म्हणजे आपलं पावतीपुस्तकच की," ते म्हणाले.