पुरुषांत बसताना

पुणे,
६ ऑगस्ट

चि. ओम,


तुझं पत्र पोचलं. गॅरेजच्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं, कडेला ग्रीसचा अंगठा. तुझ्या खोलीत आणखी तिघं असतात, फोनवर बोलता येत नाही, म्हणून मीही कागदावरच लिहितो.

"दाढी आली, आवाज बसला, कुणाला संशय येत नाही. आता वागू कसा?" असं विचारलंयस. बसताना पाय किती फाकवायचे इथपासून शिव्या किती द्यायच्या इथपर्यंत सगळी यादी त्याखाली आहेच. पाय हवे तसे ठेव. शिव्या मनापासून येत नसतील तर देऊ नकोस. ओढूनताणून दिलेली शिवी लगेच कळते, आणि कमी बोलणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे उगाचच वजनदार समजतात. हीच शांतता शाळेत होती तेव्हा मला 'घुमी' म्हणायचे.

लघवीचं आधी उरकतो, रोजचं दुखणं तेच आहे. गाडीवर निघालेली चार पोरं एकाच वेळी रस्त्याकडेला का थांबतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एसटी स्टँडवरच्या मुतारीला आडोसा नसतो. तू सरळ संडासाकडे जा. कुणी विचारलंच तर पोट बिघडलंय म्हण. पोटाच्या तक्रारीला पुरुषांत मान आहे, पुढचे प्रश्न येत नाहीत. पण दिवसदिवस पाणी न पिता काढू नकोस. आपल्यातले बरेच जण असंच करून मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात आणि मग डॉक्टरकडे जायला लाजतात.

मंडळाच्या रक्तदान शिबिरात पोरांनी तुझं नाव परस्पर लिहिलंय, ते जरा नाजूक आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या रक्तदाता नियमावलीनं ट्रान्सजेंडर व्यक्तींना कायमचं वगळलं. एखाद्या माणसाचं वागणं न बघता सगळ्यांनाच दाराबाहेर काढायचं, हे मला पटत नाही. पण खोटं लिहून त्या फॉर्मवर सही कर, असंही मी सांगणार नाही. औषध चालू आहे म्हण (ते खरंच आहे) आणि केळी-बिस्किटांच्या टेबलापाशी उभा राहा. तिथं उभा राहणारा माणूस प्रत्येक मंडळाला कमीच पडतो.

आता जरा निवांत बोलतो.

अमेरिकेतल्या ट्रान्स पुरुषांनी लिहिलेलं वाचशील तर एक हळहळ पुन्हा पुन्हा भेटेल: पुरुष म्हणून जगायला लागलो आणि स्पर्श संपला, मित्र मिठी मारेनात. मी ते वाचून घाबरलो होतो. आपल्याकडे तसं झालं नाही. इथं पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून अख्खी पेठ हिंडतात, एका गाडीवर तिघं बसतात. वारीत तर ओळखदेख नसलेला म्हातारा पाया पडतो आणि उराउरी भेटतो. सलूनमध्ये पहिल्यांदा दाढी झाल्यावर कारागिरानं न विचारता डोक्याला तेल लावलं, मानेवर दोन थापा मारल्या, बोटं मोडली. इतक्या मायेनं मला त्याआधी परक्या कुणी हात लावला नव्हता. त्या खुर्चीत बसून मी कशाला घाबरत होतो, तेच आठवेना.

संपलं ते बोलणं. बायकांच्या घोळक्यात असताना "काय गं, डोळे का सुजलेत?" असं कुणीतरी विचारायचंच. पुरुषांत मी तापानं फणफणत बसलो तरी गप्पा जमिनीच्या, गाडीच्या, मॅचच्या. मदत करतात रे, रात्री दोनला दवाखान्यात नेतील, पैसे काढून देतील. फक्त विचारणार नाहीत. आणि बायकांकडचं दारही लागतं. ज्या मावशीच्या स्वयंपाकघरात मी लहानाचा मोठा झालो, तिथं आता मी गेलो की मावसबहिणी विषय बदलतात, कुणी ओढणी सारखी करतं. त्यांचं काही चुकत नाही. रात्री आडरस्त्याला पुढं चाललेली बाई माझ्या पावलांच्या आवाजानं चालण्याचा वेग वाढवते, तिचंही चुकत नाही. मी रस्ता ओलांडून पलीकडे होतो, नाहीतर फोन लावून कुणाशी तरी मोठ्यानं बोलत राहतो. तूही तसंच कर. जिवाला लागेल, पण त्याचा हिशेब तिच्याकडून मागायचा नाही.

तू गॅरेजात आहेस म्हणून तुला मायकेल डिलनची गोष्ट सांगायचीच होती. १९१५ साली जन्मलेला इंग्रज. ऑक्सफर्डला मुलींच्या संघातून होड्या वल्हवल्या आणि युद्धाच्या काळात ब्रिस्टॉलच्या एका गॅरेजात पेट्रोल भरायला लागला. टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. कुणी नवं कामाला आलं की बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचे, ही बघ पुरुष व्हायला निघालेली पोरगी. तू ज्याला रोज भितोस, ते सगळं त्यानं रोज सोसलं. १९४४ मध्ये जन्मदाखल्यावर नाव आणि लिंग बदलून घेतलं, हॅरॉल्ड गिलीज नावाच्या मोठ्या सर्जनकडून कितीतरी शस्त्रक्रिया करून घेतल्या, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टर झाला. तिथं बायका जवळ येऊ नयेत, गुपित फुटू नये, म्हणून त्यानं काय केलं असेल? बायकांचा तिटकारा असलेला माणूस म्हणून स्वतःची ख्याती करून घेतली. तुच्छतेनं बोलायचा. ढाल म्हणून उत्तम चालली, कारण अशा पुरुषाबद्दल कुणाला काही वेगळं वाटतच नाही.

तरी १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्याला उघडं पाडलंच. जहाजावरची डॉक्टरकी सोडून तो आपल्या देशात आला, बौद्ध झाला, लडाखच्या रिझाँग मठात श्रामणेर म्हणून राहिला. पूर्ण भिक्षुदीक्षा मात्र मिळाली नाही. तृतीय प्रकृतीच्या माणसाला ती देऊ नये, हा भिक्षूंच्या विनयातला नियम आड आला. १९६२ मध्ये डलहौसीला वारला, वय सत्तेचाळीस. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याला विचारायला कुणी दादा नव्हता, आपल्यासारखे दुसरे आहेत हे कळायलाही फारसा मार्ग नव्हता. पण ती ढाल मला नको वाटते.

दुसरा बेन बॅरस, स्टॅनफर्डचा मेंदूशास्त्रज्ञ. चाळिशी ओलांडल्यावर, १९९७ मध्ये त्यानं बदल केला. नंतर त्याच्या एका व्याख्यानावर कुणीतरी शेरा मारला, की याचं काम याच्या बहिणीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. ती बहीण म्हणजे तोच, जुन्या नावाचा! २००६ मध्ये त्यानं 'नेचर'मध्ये ही गोष्ट जाहीर लिहिली. बायकांना विज्ञानात उपजतच गती कमी, असं म्हणणाऱ्या बड्या प्राध्यापकांना उत्तर म्हणून. डोकं तेच, काम तेच, फक्त ऐकणारे बदलले, याचा त्याच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा कुठून आणायचा? अर्थात त्याच्याकडे स्टॅनफर्डची खुर्ची होती. तुझ्याकडे मालकाच्या मर्जीवरची नोकरी आहे. हा फरक मी विसरलेलो नाही.

आता आमच्या घरचं. अप्पा गेले तेव्हा तुला मी एवढंच कळवलं होतं की अग्नी मी दिला. आजारपण सगळं ताईनं काढलं होतं. डायलिसिसच्या फेऱ्या, मोजून पाणी देणं, रात्रीची जागरणं. मी पुण्याहून पैसे पाठवायचो आणि सुट्टीला जायचो. तिरडी बांधून झाली, भटजींनी विचारलं, "थोरला मुलगा कोण?" कुणीतरी मला पुढं ढकललं. आंघोळ, ओलं धोतर, उघडं अंग. माझ्या छातीवर शस्त्रक्रियेचे दोन आडवे व्रण आहेत, तुला माहीत आहे. माझ्या डोक्यात ते यायच्या आत ताई आतून उपरणं घेऊन आली, माझ्याभोवती घट्ट लपेटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "छातीत कफ आहे त्याच्या, उघडा ठेवू नका."

तिला यायचं होतं. ती चपला घालून उभीच होती. चुलते म्हणाले, बायका स्मशानात येत नाहीत. मी तोंड उघडलं, तशी तिनं दंडाला धरून मला बाजूला घेतलं. "तू वाद घालू नकोस. वाद झाला की सगळे तुझ्याकडे बघत बसतील. जा तू." मी मडकं घेऊन पुढे झालो. ती उंबऱ्यात राहिली. कृष्णेकाठापर्यंत त्या मडक्याकडे बघत चाललो आणि एकच गोष्ट कळत होती: जो हक्क तिनं राबून कमावला तो मला दाढीवर मिळाला, आणि तो माझ्याकडे सुखरूप राहावा म्हणून गप्प तीच बसली. डिलनबद्दल वाचलं ते त्यानंतर. त्याच्या तुच्छतेचे पैसे कुणाच्या खिशातून गेले असतील, असं वाचताना सारखं वाटत राहिलं.

दहाव्याला मी तिला घाटावर नेलं. चुलते आधीच निघून गेले होते, तेव्हा त्यात माझं शौर्य काही नाही.

म्हणून तुझ्या यादीतल्या एकाच प्रश्नाशी मी अडून बसलोय. बिलिंगला बसणाऱ्या मुलीवरून पोरं जे बोलतात, त्याला हसावं का? नको. उपदेशही करू नकोस. केलास तर पहिली नजर तुझ्याच अंगावर फिरेल, आणि तुला तिथं भाकरी कमवायची आहे. नुसता हसू नकोस. न हसणाऱ्याला आपले लोक खडूस म्हणतात, बायकी म्हणत नाहीत. कार्ब्युरेटरचं काहीतरी विचार, विषय लगेच वळतो. आणि बिलातली चूक पोरांनी तिच्या माथी मारली, चूक पोरांची असली, तर तेवढं मालकाला सांग. तुझं ते ऐकतात, हे तूच लिहिलंयस. ताईला तुझं पत्र वाचून दाखवलं (तिला चालतं, तुला माहीत आहे). ती म्हणाली, त्या मुलीचं नाव काय? पानभर लिहिलंयस, पण नाव कुठंच नाही.

मालकाला स्वतःबद्दल सांगायचं की नाही, ते मी ठरवणार नाही. कागदांचं मात्र टाळू नकोस. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा निकालात आपली ओळख आपण सांगायचा हक्क मान्य केला. तरी २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा कायदा आल्यावर मला 'पुरुष' लिहून घ्यायला शस्त्रक्रियेचा दाखला घेऊन पुन्हा जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढावी लागली. अनंत चतुर्दशीनंतर ये, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं घेऊन ये. आपण बसून बघू.

आणि रक्त तपासून घे. टेस्टोस्टेरॉननं हिमोग्लोबिन वाढतं, रक्त दाट होतं, त्याकडे लक्ष हवं. इंजेक्शन चुकलं तर पुढचं दुप्पट घ्यायचं नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठव, डॉक्टरांना दाखवतो.

तुझा,
दादा