एवे विणकरांच्या गावी

घाना देशाच्या पूर्व सरहद्दीवर, हो शहराहून मोटारीने थोड्याच अंतरावर क्पेटोए नावाचे गाव आहे. तेथे जाण्याची इच्छा आम्हास झाली ती यूरोपातील एका संग्रहालयात पाहिलेल्या सुती पांघरुणामुळे. निळ्या वस्त्रावर पक्षी, मगर, हाताचा पंजा, कंगवा अशी चित्रे. ती रंगविलेली नव्हेत, भरतकामाचीही नव्हेत, विणतानाच उतरविलेली! खालील चिठ्ठीवर ‘एवे लोकांचे पांघरूण’ एवढेच लिहिले होते. विणणाराचे नाव नव्हते.

‘पांघरूण’ हा शब्दही फसवाच. समारंभाच्या दिवशी एवे पुरुष हे वस्त्र अंगाभोवती लपेटून त्याचे टोक डाव्या खांद्यावर टाकतात. त्यांच्या भाषेत हे ‘अग्बामेवो’, म्हणजे मागावरचे वस्त्र.

एका वृद्ध विणकरांनी आम्हास आपल्या मागापाशी बसवून घेतले. समोर अंगणात ताणा लांबवर पसरलेला, त्याच्या टोकाशी वजन बांधलेले. कापड गुंडाळले जाई तसतसे ते वजन जमिनीवरून पुढे सरके. ताण्याचे धागे वरखाली करण्याच्या दोऱ्या त्यांनी पायाच्या बोटांत धरल्या होत्या. पट्टी जेमतेम चार बोटे रुंद! चित्राची जागा आली की ते निवडक धाग्यांखालून रंगीत जादा बाणा हाताने फिरवीत, आणि तोही चित्राच्या रुंदीपुरताच. अशा लांब पट्टीचे सारखे तुकडे करून वीसएक तुकडे शेजारी शेजारी शिवले म्हणजे पुरुषाचे वस्त्र होते. सगळी चित्रे ठरल्या जागी आली की नाही हे तेव्हाच दिसावयाचे. तोवर सारा हिशेब डोक्यात. आमच्या भगिनीवर्गास नवल वाटेल, परंतु विणकाम तेथे परंपरेने पुरुषांचे. स्त्रियांकडे पूर्वी सूतकताई असे.

शेजारच्या असांटे विणकरांची केंटे वस्त्रे बहुधा भौमितिक आकृतींची असतात. प्राण्यामाणसांची चित्रे ही एवे मागाची खूण होय. पुष्कळदा चित्रातून एखादी म्हण सुचविलेली असते. आसनाचे चित्र असले तर ते राजसत्तेचे. काही वस्त्रांत अक्षरेही विणतात. सन 2024 मध्ये युनेस्कोने केंटेच्या विणकामास अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, हे उचितच झाले; परंतु त्याच नक्षीचे गिरणीत छापलेले स्वस्त कापड बाजारात ढिगाने पडलेले असते, आणि त्याच्याशी झुंजावे लागते ते मागावर बसणारासच.

संग्रहालयातील वस्त्राचे छायाचित्र आम्ही त्या वृद्धांपुढे ठेवले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले, आणि काठावरून आंगठा फिरविला. आमचे सोबती दुभाष्याचे काम करीत होते. वृद्ध म्हणाले, “कागदावरून काय कळणार? कापड हाती आले असते, तर कोणत्या गावचा हात ते तुम्हांस सांगितले असते.”

ते वस्त्र काचेआड आहे, हे सांगावयास आमची जीभ रेटेना.