घडीची सायकल

सायकल ही वस्तू वसईच्या माणसाला नवी नाही. आमच्या लहानपणी गावातले कितीतरी पुरुष पहाटेच्या गाडीसाठी सायकलीनेच स्टेशन गाठीत. मागे भाजीची पाटी, फुलांची करंडी किंवा नुसता जेवणाचा डबा बांधलेला, पुढे डायनमोचा मिणमिणता दिवा, आणि संध्याकाळी स्टँडवरच्या त्या काळ्या गर्दीतून आपली सायकल नेमकी ओळखून काढण्याचे कसब. आमच्या वडिलांची सायकल अठ्ठावीस इंची होती. तिच्यात त्यांनी हयातभर बदल केला तो एकच. सीट फाटली तेव्हा आमच्या आईकडून घोंगडीच्या तुकड्याचे आवरण शिवून घेतले. बाकी तेल, हवा आणि रविवारी मिस्साहून आल्यावर फडका. आम्ही त्यांचे चिरंजीव. परंतु हा गुण काही आमच्यात उतरला नाही.

२०१९ साली आम्ही निवृत्त झालो आणि मुलाकडे, स्टेशनाजवळच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलो. खाली सायकल ठेवण्यास जागा नाही, आणि ठेवली तर सकाळी असेल याची खात्री नाही. अशा वेळी वांद्र्याच्या एका परिचित कुटुंबाने परदेशी जाताना आपली घडीची सायकल आम्हांला अल्प किमतीत दिली. वीस इंची चाके, सहा गिअर, वजन तेरा किलो. फ्रेमच्या मध्यावर एक बिजागरी, हँडलच्या दांड्याच्या मुळाशी दुसरी. दोन खटके उघडले, सीट खाली केली, की सायकल आमच्या खाटेखाली. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी ती वाकून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘हिची सवय करायला हरकत नाही.’’ पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना त्यांना नव्हती, आम्हांलाही नव्हती.

घडीच्या सायकलीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यातील एक धागा आपल्या वाचकांना जवळचा वाटावा. अँड्र्यू रिची या इंग्रज अभियंत्याने १९७५ च्या सुमारास लंडनमधील आपल्या राहत्या जागेत लहान चाकांच्या एका सायकलीवर खटपट सुरू केली. समोर ‘ब्रॉम्प्टन ऑरेटरी’ हे १८८४ साली उघडलेले भव्य कॅथलिक चर्च. त्यावरून सायकलीचे नाव पडले ब्रॉम्प्टन. मागचे चाक फ्रेमखाली दुमडून घेण्याची तिची युक्ती अजोड आहे. १९८१ साली पहिल्या सायकली विकल्या गेल्या. नियमित कारखाना उभा राहावयास १९८८ साल उजाडले. इकडे अमेरिकेत डेव्हिड हॉन या लेसरवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये डेहॉन कंपनी काढली, आणि आज वीस इंची घडीच्या ज्या सायकली सर्वत्र दिसतात त्यांतील बहुतेकींचे रूप तिच्या वळणाचे आहे. आमचीही त्याच गोतातली.

२०२० च्या टाळेबंदीत घरी बसून आम्ही या विषयाचे वाचन केले. मूळ कंपनीने न बनविलेले, परंतु त्या सायकलीला बसतील असे सुटे भाग करणारे केवढे तरी मोठे विश्व आहे! टायटॅनियमचे स्क्रू, रंगीत पायडल, हलकी चाके, चामड्याच्या सीट. वाचता वाचता आमच्या सायकलीत आम्हांला उणिवाच उणिवा दिसू लागल्या.

आरंभ टायरपासून केला, आणि तोही चुकून. वीस इंची टायर मागविला; तो रिमवर चढेना. मग कळले की ‘वीस इंच’ या एकाच नावाखाली निरनिराळी मापे नांदतात. आमच्या रिमचे माप ४०६ मिलिमीटर, आलेला टायर ४५१ चा. टायरच्या कडेवर हा आकडा छापलेला असतो. तो वाचायचा असतो हे शिकण्यास आम्हांला एका टायरची किंमत मोजावी लागली. योग्य टायर चढले, चांगल्या प्रतीची ब्रेकरबरे बसविली, आणि खरे सांगतो, सायकल पालटून गेली. पावसाळ्यातही ब्रेक लागू लागला. येथेच थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

पण मागच्या चकत्यांतील सर्वांत लहान चकती चौदा दातांची होती, पुढची बावन्न. एका पायडलफेरीत सायकल साडेपाच मीटरांच्या थोडी पुढे जाई. अकरा दातांची चकती असलेले फ्रीव्हील लावले तर सात मीटर! ते आणले. ते सात चकत्यांचे, म्हणून गिअरचा खटका बदलला. चेन फ्रेमला घासू लागली, म्हणून अ‍ॅक्सलवर वॉशर घातले. चाक एका बाजूस सरकले, म्हणून तारा पुन्हा ताणून घेतल्या. एवढे करून तो सातवा गिअर आम्ही वापरला फक्त पुलाच्या उतारावर. मग पुढच्यासाठी एक देखणे चाक आणले. नेहमीच्या सायकलीचा पुढचा हब शंभर मिलिमीटर रुंद, आमच्या सायकलीचा चिमटा चौऱ्याहत्तरचा; घडी अरुंद व्हावी म्हणून तो तसा केलेला असतो. ते चाक अजून माळ्यावर आहे. घडीच्या सायकलीत प्रत्येक माप दुसऱ्या मापाशी करार करून बसलेले असते, आणि आम्ही एकेक करार मोडीत चाललो होतो. सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, ‘‘अहो, सायकल घेतलीत की पोसायला घेतलीत?’’ आम्ही हसलो. तोपर्यंत सुट्या भागांवर सायकलीच्या किमतीच्या दीडपट खर्च झाला होता.

याच सायकलीवर आम्ही नातीला बालवाडीत नेऊ लागलो. ती तेव्हा चार वर्षांची. मागच्या कॅरिअरवर बसणारी लहान मुलाची खुर्ची मागविली, दोन पट्ट्यांची. कॅरिअरवर वजनमर्यादेची एक चिकटपट्टी होती, दहा किलोची. खुर्ची बसविण्याआधी कॅरिअरला काळा रंग द्यायचा म्हणून ती पट्टी आम्ही स्वतः चाकूने खरवडून काढली. नातीचे वजन पंधरा किलो होते, हे आम्हांला ठाऊक होते. रंग सुबक बसला.

त्याच सुमारास आमची पाठ दुखू लागली आणि हँडल थोडे उंच हवे असे वाटले. वर-खाली करता येणारा, मूळच्यापेक्षा लांब असा हँडलचा दांडा मिळत होता. वजनाला हलका, दिसावयास चांदीसारखा. तो आणला. येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. वडिलांच्या सायकलीत हँडल फ्रेमपासून वीतभर उंच असे. घडीच्या सायकलीत ते हातभर दांड्याच्या टोकावर असते आणि दांड्याच्या मुळाशी बिजागरी. ब्रेक दाबताना अंगाचा सारा भार हातांतून हँडलवर येतो, आणि दांडा जितका लांब तितका तो भार बिजागरीवर अधिक जोराने पडतो. मूळ दांड्याच्या खटक्याला म्हणूनच एक लहानशी सुरक्षा-कडी होती. खटका सैल पडला तरी कडी दाबल्याशिवाय तो उघडत नसे. नव्या दांड्याला ती नव्हती. बसविताना हे आमच्या ध्यानात आले होते. वाटले, खटका घट्ट आहे, पुरे.

जानेवारी २०२३ मधली सकाळ. बालवाडीपासून शंभर पावलांवर एक रिक्षा आडवी आली. आम्ही ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागला, कारण रबरे उत्तम होती. आणि हँडल आमच्या हातांसकट एका बाजूस कलंडले. आम्ही गुडघ्यांवर पडलो. नात खुर्चीला बांधलेली होती, ती सायकलीसकट पडली. क्षणभर ती रडलीच नाही; ती शांतता आम्ही विसरू शकत नाही. मग तिने हात पुढे केला आणि ‘‘आजोबा, हा वाकडा झाला,’’ असे म्हणाली.

मनगटाच्या वरचे हाड मोडले होते. चार आठवडे प्लॅस्टर. डोक्याला खरचटण्यावर निभावले, हे देवाचे उपकार, आमचे नव्हेत. महिन्याभरापूर्वी आम्ही त्या सायकलीला पितळी घंटा आणली होती. तिच्या डोक्यासाठी हेल्मेट आणण्याचे मनात आले नव्हते.

मुलगा इस्पितळात आला. तो कधी आवाज चढवीत नाही, तेव्हाही चढविला नाही. सायकल कशी पडली, एवढेच त्याने विचारले. आम्ही रिक्षाचे सांगितले. दांड्याचे सांगितले नाही. सून नातीचे केस बाजूस सारत बसली होती. त्या रात्री आम्ही जेवलो नाही. सौभाग्यवतींनीही आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा कामावर निघताना बूट घालत होता तेव्हा आम्ही त्याला दांड्याचे, कडीचे आणि खरवडलेल्या पट्टीचे सारे सांगितले. तो बुटाची नाडी बांधीत राहिला. मग म्हणाला, ‘‘पप्पा, मला वाटलंच होतं. तुम्ही सांगाल की नाही ते पाहत होतो.’’ आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेला.

पुढची कामे थोडक्यात आटोपली. खुर्ची काढली. मूळचा दांडा गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता, तो परत बसविला. खटक्याचा नट असा आवळला की खटका बंद करताना तळहाताला जोर लावावा लागेल. कडी ‘कट्’ करून बसते की नाही हे आता रोज पाहतो. दोन्ही बिजागऱ्यांत बोटाने चीर तपासतो. टायर आणि ब्रेकरबरे ठेवली, त्यांचे उपकार मानले पाहिजेत. जुने चौदा दाती फ्रीव्हीलही परत चढविले. गुडघे त्याच्यावर खूश आहेत. पाठ दुखते, ती दुखते. नात आता स्वतःच्या दोन चाकांवर हेल्मेट घालून खालच्या आवारात फिरते. तिची सायकल घडीची नाही, आणि तिला हात लावण्याची परवानगी आम्हांला हवा भरण्यापुरतीच आहे.

तो चांदीसारखा दांडा मात्र बरेच दिवस माळ्यावर होता. गेल्या उन्हाळ्यात इमारतीतला एक कॉलेजकुमार घडीची सायकल घेऊन आला. आमच्याकडे सुटे भाग असल्याचे त्याच्या कानावर गेले होते. ‘‘अंकल, तो लांब दांडा पडून आहे ना? मी पैसे देतो,’’ असे म्हणाला. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही त्याला पुढचे देखणे चाक दाखविले, त्याला बसणार नाही हेही सांगितले, आणि दांडा द्यायचा नाही म्हणालो. कारण विचारले तेही सांगितले. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही.

तो गेल्यावर शेजाऱ्याकडून हॅकसॉ मागून आणला. भंगारवाला शनिवारी येतो. अखंड दांडा त्याच्याकडे दिला तर तो कोणाच्या तरी सायकलीवर जाईल, म्हणून गॅलरीत बसून बिजागरीच्या अगदी वर, मधोमध कापू लागलो. ॲल्युमिनियम कापावयास मऊ. पाच मिनिटांचे काम. नात शेजारी येऊन बसली, खाली पडणारा चकचकीत भुसा बोटाने गोळा करीत. ‘‘आजोबा, चांगला होता ना हा?’’ तिने विचारले.

‘‘दिसायला,’’ आम्ही म्हणालो, आणि दुसरे टोक तिला धरावयास दिले.