पाचोळ्याचं मोल

फेब्रुवारी सरत आला की बंगळुरातल्या वर्तूरच्या आमच्या रस्त्यावर रेन ट्रीची पानगळ सुरू होते. सकाळी झाडूची खसखस ऐकू येते, कडेला ढीग लागतो आणि कुणीतरी त्याला काडी लावतो. तो धूर नाकात गेला की जीव कळवळतो. पस्तीस वर्षं मी शेतकऱ्यांना एकच सांगत आलो : पाचोळा जाळू नका, तो जमिनीचा घास आहे.

मी मूळचा तासगावकडचा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराबद्दल, शेतात स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या त्या चळवळीबद्दल, लहानपणापासून ऐकलेलं. पानं म्हणजे साठवलेलं ऊन, हा त्यांचा विचार तेव्हा कानावरून गेला, डोक्यात शिरला नाही. शेतकीची पदवी घेऊन १९८६ साली बंगळूरला आलो, तो खतं-औषधं विकण्याच्या नोकरीवर.

तेव्हा वर्तूर हे गाव होतं. तळ्याच्या पाण्यावर भात आणि भाजीपाला, वरच्या कोरडवाहू रानात नाचणी. त्या नाचणीतच 'अक्कडी सालु' असत : नाचणीच्या ठरावीक ओळींनंतर एका ओळीत अवरे म्हणजे आपला पावटा, तूर, मोहरी, कारळे. तिफणीच्या मागून एखादी बाई पोकळ बांबूतून ते मिश्र बी सोडत चाले. पाऊस दगा देऊन नाचणी गेली, तरी तूर-पावटा घरात येई. थंडीत दवानं भिजलेल्या अवरेच्या शेंगांना एक तेलकट सुगंध सुटतो; कन्नडमध्ये त्याला 'सोगडु' म्हणतात. बांधावरच्या करंजाचा पाला खताच्या खड्ड्यात जाई. याला कुणी सेंद्रिय शेती म्हणत नव्हतं. ती नुसती शेती होती. आणि मी तिथे पिशवीतला युरिया घेऊन उभा होतो.

माझे डोळे उघडले ते वर्तूरजवळच्याच सोरहुणसे गावच्या नारायण रेड्डींमुळे. त्यांनीही आधी रासायनिक शेती केली होती, भरघोस पीक काढून नाव मिळवलं होतं. पण हिशेब मांडला की हाती तोटाच. मग जपानी शेतकरी मासानोबू फुकुओकांचं 'वन स्ट्रॉ रेव्होल्यूशन' वाचनात आलं आणि त्यांनी वाट बदलली. पुढे दोड्डबळ्ळापूर तालुक्यात त्यांनी जे शेत उभं केलं, ते पाहायला मीही गेलो होतो. भर उन्हाळ्यात झाडांखालचा पाचोळा बाजूला सारला. खाली काळी, ओलसर, भुसभुशीत माती, गांडुळांनी भरलेली. मातीला पहिल्या पावसाचा वास होता, पाऊस नसताना. मी ती मूठ कितीतरी वेळ सोडली नाही. थोड्याच दिवसांत नोकरी सोडली.

पुढची वर्षं शेतकऱ्यांना सेंद्रिय शेती सांगत केलेल्या पायपिटीची होती. सेंद्रिय म्हटलं की लोक विचारत, "उत्पन्न निम्म्यावर आलं तर भरून कोण देणार?" प्रश्न रास्त होता. माल पिकला तरी मंडईत तो बाकीच्या मालाच्या ढिगातच पडे, भाव तोच. मग हळूहळू वारं फिरलं. २००१पासून सेंद्रिय प्रमाणीकरणाची राष्ट्रीय चौकट लागू झाली. २००४ साली कर्नाटकानं सेंद्रिय शेतीचं धोरण आणलं, आणि त्याच वर्षी बंगळुरात या शेतीसाठी 'इकोआ' ही संस्था सुरू झाली. २०१८च्या जानेवारीत पॅलेस ग्राउंडवर सेंद्रिय आणि भरडधान्यांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरला, तेव्हा नाचणीसाठी रांगा लावलेले शहरी लोक पाहून डोळे पाणावले. ज्या धान्याला गरिबाचं म्हणून नाक मुरडलं जाई, त्याच्याच गटातल्या धान्यांच्या नावानं संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष साजरं केलं. हे आमच्या पिढीनं कमावलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण वर्तूरची ती रानं आता नाहीत. जिथे अक्कडीच्या ओळी होत्या, तिथे इमारती आहेत. ज्या तळ्यावर भात पिके, त्याचा फेस २०१५मध्ये रस्त्यावर उडताना सगळ्या देशानं पाहिला. मी राहतो ती इमारतही अशाच एका रानावर उभी आहे, हे मला ठाऊक आहे. नारायण रेड्डी २०१९च्या जानेवारीत गेले. शेजारची मुलं पाकिटावरचा सेंद्रियचा हिरवा शिक्का नेमका ओळखतात. त्या शिक्क्यामागे जमिनीची दोन-तीन वर्षांची तपश्चर्या असते, हे मात्र त्यांनी कुठे पाहिलेलंच नाही. पूर्वी गिऱ्हाईक शेतकऱ्याला ओळखत असे, आता शिक्क्याला ओळखतं. शिक्का हवाच, पण माती हाताला लागल्याशिवाय तिची माया लागत नाही.

म्हणून निवृत्तीनंतर सोसायटीच्या आवारात जाळीचे तीन पिंजरे बसवून घेतले. झाडणाऱ्या अम्मा आता ढीग पेटवत नाहीत, पिंजऱ्यात टाकतात. वर शेणाचं पाणी शिंपडतो. आठवड्याभरानं एका पोराला म्हटलं, आत हात घाल. त्यानं घातला आणि दचकून ओरडला, "अज्जा, गरम आहे!" बाकीची मुलं धावत आली. मग प्रत्येकाला हात घालायचा होता.

गेल्या जूनमध्ये होसकोटेकडचा एक शेतकरी त्यातली दोन पोती खत नाचणीच्या पेरणीसाठी घेऊन गेला. डिसेंबरात तो परत आला. त्यातल्याच एका पोत्यात तळाशी शेरभर अवरेच्या शेंगा होत्या. तोंड सोडलं आणि सोगडु साऱ्या जिन्यात दरवळला.